सोमवारचं पहिलं गाणं

"आबा, आपलंच आहे! आपलंच पत्र!"

नीलिमाने उडी मारून फ्रिजवरचा रेडिओ मोठा केला. रविवार, सकाळचे सव्वासात. श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं देण्याचा कार्यक्रम सुरू होता आणि निवेदिका चक्क वाचत होती : गुढियारी, रायपूर से भैय्यालाल मेश्राम. म्हणजे तिचे आबा. रेल्वेतून रिटायर झालेले, समोरच खुर्चीत बसलेले, चहाची बशी तोंडापाशी नेऊन तशीच धरून ठेवलेले.

नाव आबांचं, पण पत्र नीलिमाचं. आधीची सोळा पत्रं आबांनी स्वतः लिहिली होती, प्रत्येक 'सविनय निवेदन है' पासून सुरू होणारं. एकाचंही उत्तर आलं नाही. आता हात थरथरतो, म्हणून या वेळी तिने पेन घेतलं. मी लिहिते, बघा कशी हलवते रेडिओ केंद्राला! अकरावीतली पोरगी, नुकतीच शाळेच्या वादविवादात पहिली आलेली, तिला कोण अडवणार?

निवेदिका एकेक तक्रार वाचत गेली. सकाळच्या शास्त्रीय संगीतात वर्षभर तीच चार रेकॉर्डिंगं फिरतात. तोडी लावतात आणि भैरवी सांगतात. आलाप कुठे बसतो न बसतो, तोच मध्ये सरियाची, म्हणजे लोखंडी सळ्यांची जाहिरात घणघणते. आणि मग शेवटची ओळ : "ऐसे चलाने से तो अच्छा है, इसे बंद ही कर दीजिए."

"ही लाइन माझी!" नीलिमाने हवेत मूठ मारली. "तुम्ही खोडून टाक म्हणत होते ना? बघा, पूर्ण वाचली तिने!"

"ऐकू दे जरा, पोट्टी."

निवेदिका हसली. फार गोड हसली. "भैय्यालाल जी, आप जैसे जागरूक श्रोता ही हमारी ताक़त हैं. आपका सुझाव हमने मान लिया है. कल सोमवार से शास्त्रीय संगीत का यह कार्यक्रम बंद किया जा रहा है. उसकी जगह आप सुनेंगे फ़िल्मी गीत, आपकी पसंद के."

बशीतला चहा आबांच्या पायजम्यावर सांडला.

"अरे! असं थोडीच म्हटलं होतं!" नीलिमा रेडिओशीच भांडायला लागली. "ते तर जोर देण्यासाठी लिहितात तसं! आबा, खरंच बंद करतील का हो?"

आबा रुमालाने पायजमा पुसत होते. डाग पसरला तरी पुसतच राहिले.

"पण तुम्हीच तर रोज चिडत होते," ती म्हणाली. "तेच चार जण, तेच चार जण. मग काहून ऐकत होते रोज?"

"पाचवं लागन म्हणून."

"पाचवं कोणाचं?"

"प्रशिकच्या मायचं."

प्रशिक म्हणजे नीलिमाचे बाबा. प्रशिकची माय म्हणजे तिची आजी, जिला तिने फक्त फोटोत पाहिलं होतं.

"राग देसकार गायली होती," आबा रुमालाकडे बघत म्हणाले. "केंद्रावर जाऊन. अठरा मिनिटं. एक बार लागलं सकाळी, साऱ्या मोहल्ल्यानं ऐकलं. मी बिलासपूरच्या गाडीवर ड्युटीले होतो. मग ते पुन्हा लागलंच नाही. टेप त्याईच्याचजवळ आहे."

"मग तसं लिहायचं ना, आबा! सतरा पत्रं! एकात तरी आजीचं नाव टाकायचं!"

"आपल्याच घरच्या बाईचं नाव आपणच कसं सांगावं? लोक म्हणतीन, बुढा बायकोची शिफारस करून राहिला." त्यांनी रुमालाची घडी घातली. "मी म्हटलं, नवीन लावा, नवीन लावा म्हणत राहू. कोणी तं कपाट उघडून पाहीन."

नीलिमाला तिची ती ओळ कानात पुन्हा ऐकू आली, तिच्याच वादविवादाच्या आवाजात. दोन्ही हातांनी कान दाबावेसे वाटले.

रेडिओवर निवेदिका सांगत होती, कल का पहला गीत आप चुनिए, फ़ोन लाइनें खुली हैं. नीलिमाने आईचा मोबाइल ओढला. बिझी. बिझी. पुन्हा बिझी. सातव्या खेपेला लागला. तिने स्पीकर चालू केला. फोनवर दुसरीच कोणीतरी होती, तरुण, घाईतली.

"नमस्कार, पहले अपना रेडियो धीमा कर लीजिए."

आबा उठले आणि त्यांनी रेडिओ बंदच केला. पहिल्यांदाच घर इतकं शांत झालं.

"जी, नाम?"

"नीलिमा मेश्राम, गुढियारी से. मुझे देसकार सुनना है. आपके पास टेप है. पुराना है, पर है."

"अच्छा, देसकार. किसकी आवाज़ में?"

नीलिमाने तोंड उघडलं, तेवढ्यात आबा पुढे वाकले. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी लावलं होतं, कधी लावलं तिला कळलंच नाही. आजीसाठी 'प्रशिकची माय' सोडून दुसरं नाव त्यांच्या तोंडून या घरात कोणी ऐकलं नव्हतं.

"कमला," ते म्हणाले. त्यांनी घसा साफ केला आणि फोनच्या अगदी जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, "कमला मेश्राम."

"कमला... मेश्राम. लिख लिया, अंकल. और फ़िल्म कौन-सी है?"

आबा तसेच वाकून उभे.

"हैलो? नीलिमा? फ़िल्म का नाम याद नहीं आ रहा? कोई बात नहीं बेटा, हीरो का ही बता दो."