उसवलेला डगला

उन्हाळ्यात कुब्लू बायको-पोरांना सोडून पलीकडच्या वस्तीतल्या एका तरुणीकडे राहायला गेला. जाताना बायकोने, म्हणजे उविलुकने, शिवलेला रेनडियरच्या कातड्याचा डगला मात्र आठवणीने घेऊन गेला. प्रेम आंधळं असतं, पण थंडी त्यालाही कळते.

ऐन हिवाळ्यात डगला खांद्यावर उसवला आणि स्वारी जुन्या दारात हजर झाली.

"उवी, तुझ्यासारखा टाका कुणालाच जमत नाही बघ."

"का? तुझ्या राणीला सुई धरता येत नाही?"

"तिची बोटं फार नाजूक आहेत गं."

"असतील. आमची काय, लाकडाची! काढ तो, दे इकडे."

कुब्लूने डगला उतरवून दिला आणि उघड्या अंगाने चरबीच्या दिव्यापाशी शेकत बसला. पोरं त्याच्याकडे पाहुण्यासारखी बघत होती. दोघांच्या अंगावर नवे डगले होते. आईने स्वतःचा डगला कापून ते बेतले होते. तेव्हापासून तिला बर्फावर शिकारीला जाता येत नव्हतं आणि शेजारी देतील त्या सीलच्या मांसाच्या तुकड्यांवर घर चाललं होतं.

उविलुकने रेनडियरच्या स्नायूपासून वळलेल्या तातीच्या दोऱ्याने खांदा पक्का शिवला आणि दोरा दातांनी तोडला.

"झाला? आण," कुब्लूने हात पुढे केला.



तिने डगला स्वतःच्याच अंगात चढवला, भाला उचलला आणि म्हणाली, "पोरांकडे बघ. दिवा विझू देऊ नकोस. सील मिळाला की येते."