छाट बिडी

यल्लव्वानं सूप मांडीवर ओढलं आणि त्यातली एक बिडी उचलून अंगठ्याखाली दाबली.

झालं! उद्घाटन राहिलं बाजूला. निपाणीतल्या त्या जुन्या तंबाखूच्या वखारीत जमलेले पाहुणे, फोटोवाले, हार घेऊन ताटकळलेले वखारीचे मालक मारुतीराव, सगळे म्हातारीकडं बघत उभे राहिले. ‘कलाकृतीला हात लावू नये’ अशी ठळक पाटी होती. पण समोर सूप दिसल्यावर पाटी कोण वाचतंय? चाळीस वर्षं यल्लव्वानं बिड्याच वळल्या होत्या.

सुपामागच्या भिंतीवर पंधरा फुटी बाई मांडी घालून बसली होती. तोंड आणि हात रंगवलेले, लुगडं मात्र खऱ्या बिड्यांचं. हजारो बिड्या दोऱ्यात ओवून भिंतीला लावलेल्या. उरलेल्या या सुपात ठेवल्या होत्या. हे सगळं काम उपासनाचं, म्हणजे यल्लव्वाच्या लेकीचं. दिल्लीत सात मजली भिंत रंगवून आलेली, परदेशी जाऊन आलेली ही बया. आज तिची नजर आईच्या अंगठ्यावरून हलत नव्हती. कारण या एकूण एक बिड्या तिनं स्वतः वळल्या होत्या, आणि आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

उपासनानं पहिली बिडी वळली ती सात वर्षांची असताना. शेजारची मंगल तिच्याच वयाची. दोघींनी एकाच दिवशी, एकाच ओट्यावर बसून वळली. गल्लीचा रिवाज असा, की पोरीची पहिली बिडी आईनं तपासायची. चांगली निघाली, की त्याच दिवशी पोरीला स्वतःचं सूप. बिघडलेली निघाली तर ती छाट, मोडून टाकायची. मंगलची चांगली निघाली. तिच्या आईनं गल्लीभर गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी मंगलनं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं.

उपासनाच्या आजीनंही नातीचं सूप आणून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. यल्लव्वानं लेकीची बिडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि काडकन मोडली.

“छाट! हिच्या हाताला वळणच न्हाय, आत्ती,” ती सासूला म्हणाली. “बसू द्या शाळंतच.”

आजीनं कपाळाला हात लावला. सूप परत गेलं. पोर तीन दिवस जेवली नाही. शाळेत बसायची, पण जीव सगळा मंगलच्या सुपात.

मग ती हट्टाला पेटली. हाताला वळण नाही काय? थांबा, दाखवतेच! पाटीवर, वहीवर, कोळशानं मोरीच्या भिंतीवर ती चित्रं काढत सुटली. त्या हट्टानं तिला बेळगावला नेलं, बडोद्याला नेलं, चार देश दाखवले. मुलाखती घेणाऱ्यांना ती हा किस्सा हसत हसत सांगायची. घरी आली की मात्र हसू मावळायचं. वीस वर्षांत एवढ्या भिंती रंगवल्या, पण फोटो बघून आई “बरं हाय की” म्हणायची आणि चहा ठेवायला उठायची. कौतुकाच्या एका शब्दासाठी लेक किती तळमळत होती, हे कुणाला कळणार? शेवटी यंदा ती आईला न सांगता मंगलच्या सासरीच गेली. चार महिने तिच्या ओट्यावर बसून बिड्या वळल्या.

“ह्या कुणी वळल्या?” यल्लव्वानं मान वर न करता विचारलं.

“मी.”

म्हातारीचा अंगठा थांबला. मग पुन्हा सुरू झाला. बिडी उचलायची, दाबायची, मिटलेलं तोंड नखानं चाचपायचं, दोऱ्याला हिसका द्यायचा, बाजूला ठेवायची. कारखान्यातला तपासणारासुद्धा एवढा छळ करत नसे. मारुतीराव दोनदा खाकरले. कुणाची हाक मारायची छाती होईना.

सूप रिकामं झालं.

“किती छाट निघाल्या, आई?” उपासनानं विचारलं. एवढी मोठी बाई, पण आवाज सात वर्षांच्या पोरीचा आला.

यल्लव्वानं आधी खांबाला टेकून उभ्या असलेल्या मंगलकडं बघितलं. मंगलची पाठ वाकली होती. झिजून झिजून अंगठ्याचं नख अर्धंच उरलं होतं. तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. मग यल्लव्वानं लेकीचा हात ओढून घेतला आणि चार महिन्यांत काळी पडलेली बोटं पदरानं पुसायला लागली.

“एकबी न्हाय,” ती म्हणाली.

उपासनाला रडू फुटलं. पस्तीस वर्षांनी का होईना, पास झाली होती!

“बघ, शिकल्यावर जमलं की नाही?” ती डोळे पुसत म्हणाली.

“शिकायचं काय हुतं त्यात?” यल्लव्वा अजून बोटंच पुसत होती. तिनं आवाज खाली आणला, मंगलला ऐकू जाऊ नये इतका. “तुझी पयलीबी छाट न्हवती गं. मंगलच्या बिडीपरीस चांगली हुती. म्हणून तर मोडली.”