भोंगेवाल्याची झोप

"थांबव! इथेच थांबव!" बाई कडाडल्या.

लॅपटॉपजवळच्या मुलीनं दचकून कळ दाबली. पडद्यावर झोपलेला माणूस जागच्या जागी गोठला. पाय टेबलावर, तोंड उघडं, गालावर माशी. वर्ग अजून हसत होता.

"हसलात ना? हसा. दिग्दर्शकाला तेच हवं होतं. आता ही साडेतीन मिनिटं आपण उसवू या. साहेब स्वतः हजर आहेत, माझं चुकलं तर सांगतील."

पहिल्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या दिग्दर्शकानं नुसती मान हलवली. छत्तीस वर्षांपूर्वी फुटलेल्या धरणावर त्यानं सिनेमा काढला होता आणि तीन आठवडे तो तुडुंब चालला होता. बाई या कॉलेजात सिनेमाचं संकलन शिकवायच्या. मुलं पाठीमागे त्यांना कात्री म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. दिग्दर्शकाला त्यांनी गोड पत्र लिहून बोलावलं होतं. ते लिहिताना दात किती वेळा आवळले, हे त्यांचं त्यांनाच माहीत.

शेवटच्या बाकावर त्यांची आई बसली होती. तिला जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

"कशाला उकरून काढतेस गं?" सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

"तुझ्या नवऱ्याला सगळ्या जगानं झोपाळू ठरवलं, आणि तू मूग गिळून बसणार?" बाईंनी तिला येताना गाडीत सुनावलं होतं.

बाईंनी हातातली छडी पडद्यावर आपटली. "पहिला शॉट. भरलेलं धरण, बारा सेकंद, कट नाही. मग भिंतीतली चीर, फक्त दोन सेकंद. मग बूट. चेहऱ्याच्या आधी बूट. का?"

"आळशीपणा दाखवायला," कुणीतरी म्हणालं.

"बरोबर. माणूस दिसायच्या आत त्याचा निकाल लागला. मग वस्तीला सावध करणाऱ्या भोंग्याची कळ, तिच्यावर बोटभर धूळ. मग पाणी, माशी, पाणी, माशी. कट आखूड होत जातात. तुम्हाला हसू फुटतं, आणि त्या हसण्याबरोबर धरणाखालच्या वस्तीतली एकशे चाळीस मेलेली माणसं याच्या माथी मारली जातात. कारागिरी उत्तम आहे. नासकी आहे, पण उत्तम."

बाईंनी छडी टेबलावर ठेवली.

"हा भोंगेवाला माझा बाप होता."

वर्गाचं हसू कुठल्या कुठे पळालं.

"मी दीड वर्षाची होते. आई मला लस टोचायला टेकडीवरच्या दवाखान्यात घेऊन गेली होती, म्हणून आम्ही दोघी उरलो. बाबा वाहून गेले. चौकशीत एवढंच निघालं, की भोंगा वाजला नाही. झोपेचा शोध या साहेबांचा!"

"बाई, सिनेमात कधी कधी..." दिग्दर्शक चाचरला.

"सिनेमाचं मला शिकवू नका!" बाईंनी पिशवीतून एक फुगलेली, डागाळलेली वही काढली. "धरणाच्या कचेरीत जुन्या कागदांच्या ढिगात मिळाली. तीन महिने हेलपाटे घातले हिच्यासाठी. हे अक्षर बाबांचं. दर पाव तासाला पाण्याची पातळी, एकही नोंद चुकलेली नाही. शेवटची ऐका. 'तीन वाजून पाच मिनिटं. भिंतीला चीर. पाणी झिरपते आहे.' धरण फुटलं पावणेचारला. झोपलेला माणूस लिहितो का?"

लॅपटॉपजवळची मुलगी हळूच म्हणाली, "पण बाई, मग चाळीस मिनिटं भोंगा का नाही वाजला?"

"यंत्र बिघडलं असेल!" बाई तिच्यावर उसळल्या. "मोडकं यंत्र ज्यांनी हातात दिलं त्यांना विचार ते, मला नको!"

मुलगी गोरीमोरी झाली. बाई पुन्हा दिग्दर्शकाकडे वळल्या.

"बाबा झोपले होते असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितलं एका माणसानं."

"नाव सांगा."

"शब्द दिलाय मी."

"शब्द! मेलेल्या माणसाची अब्रू वेशीला टांगताना कुठं गेला होता शब्द? मला पडद्यावर माफी हवी. हा सीन काढून टाकायचा. नाहीतर मी कोर्टात जाईन, तुमच्या घरापुढे बसेन, पण तुम्हाला सोडणार नाही!"

दिग्दर्शकानं मागच्या बाकांकडे एकदा पाहिलं. मग तो उठला.

"काढतो," तो म्हणाला. "माफीही मागतो. या वहीचा फोटो दाखवू सुरुवातीला. जागे होते, असंच सांगू लोकांना."

बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा बापाच्या नावानं मान ताठ झाली होती. त्यांनी आईकडे पाहिलं. आई बाकाला धरून उभी राहिली होती.

"काढू नका," ती म्हणाली.

"आई, तू बस गं!"

"साहेबांवर ओरडू नकोस. याच वहीची नक्कल घेऊन ते दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, झोपलेले दाखवा."

"तू?" बाईंचा आवाज चिरकला. "का?"

"भोंगा वाजला की सगळी वस्ती टेकडीच्या त्या एका अरुंद जिन्यावर लोटणार, हे तुझ्या बाबांना माहीत होतं. म्हणून ते आधी घरी आले. लशीचं मी तुला खोटं सांगितलं. तुला खांद्यावर टाकलं, मला हाताला धरून वर पोचवलं. आणि तसेच कळ दाबायला परत निघाले होते गं. वेळ होता अजून. पण मी त्यांचा हात सोडला आणि ते खाली धावले, ते भिंत फुटल्यावरच."