बिनधुराची चूल

“लाकडं बोटाएवढी बारीक चिरा, खडखडीत वाळवा, चुलीचं तोंड कोंबू नका,” नव्या चुलीच्या प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या.

एकट्या राहणाऱ्या भागूआक्का हातातलं ओलं लाकूड सोडेनात. “अवं, सकाळी माझ्या कौलांतनं धूर निघाला की समोरच्या शेवंताला कळतं, म्हातारी हाय. न्हाई निघाला तर पळत येती बघायला.”

“आक्का, धूर गेला की आयुष्य वाढतं!” मॅडमनी लाकूड अंगणात भिरकावलं.

आक्का हुशार निघाल्या. आठवड्याभरात धूर बंद झाला. शेवंता आधी रोज धावत यायची आणि आक्का भाकरी थापताना दिसायच्या. मग तिने येणं सोडलं.

महिन्याने मॅडम पाहुण्यांना आदर्श चूल दाखवायला घेऊन आल्या. शेवंता अभिमानाने पुढे झाली. “चार दिवस मी मुद्दाम नजर ठिवून हाय. धुराची रेघ न्हाई!”

टाळ्या वाजल्या. प्रमाणपत्र द्यायला मॅडमनी दार ठोठावलं, मग जोरात ठोठावलं. शेवटी फोडावं लागलं.

आक्का चुलीपाशी मरून पडल्याला चार दिवस झाले होते. लाकडं मात्र बोटाएवढी चिरलेली होती, अगदी खडखडीत वाळलेली.