समोरच्याचं मत

"सहा-पाच!" अध्यक्षांनी शेवटची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि स्वतःच दचकले. "तिकीट आपल्या तोफेला!"

तोफ म्हणजे सरकारी दवाखान्यातली माजी नर्स. पक्षाच्या कचेरीतल्या त्या कोंदट खोलीत अकराजण बसले होते आणि एकालाही हे खरं वाटेना. तिकीट मास्तरांचंच, असं सगळे धरून चालले होते. मास्तर पडले मवाळ, कुणालाही चालणारे. दवाखान्यातल्या कंत्राटी सफाईवाल्या बायकांना कायम करा, हे म्हणणं दोघांचंही. पण मास्तर म्हणायचे, यंदा निम्म्या, पुढच्या वर्षी निम्म्या. त्यावर तोफ धडाडायची, "निम्म्या म्हणजे कोणत्या निम्म्या? तुम्हीच निवडून दाखवा, मास्तर!" त्या बायका आत्ताही खाली जिन्यात बसून होत्या. पंधरा दिवसांनी त्यांचं कंत्राट संपत होतं.

कुणीतरी खिडकीतून आकडा ओरडून सांगितला आणि जिना दणाणला.

 वर तोफेचे डोळे मात्र टेबलावरच्या एका चिठ्ठीवर खिळले होते. चिठ्ठीवर नाव तिचं होतं आणि अक्षर मास्तरांचं. आधी पट्टीनं ओढल्यासारखी शिरोरेघ, मग तिच्याखाली एकेक अक्षर. त्या अक्षरावरूनच तर तिनं लहानपणी पाटीवर गिरवलं होतं.

या पक्षात एक जुनी रीत होती. कुठे लिहून ठेवलेली नाही, पण सगळे पाळायचे. उमेदवारानं आपलं मत स्वतःला द्यायचं नाही, समोरच्याला द्यायचं. तोफेला ती चांगली ठाऊक होती. पण मघाशी चिठ्ठी लिहिताना तिनं मास्तरांकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, एवढा भोळा कोण असतो हो? म्हातारा स्वतःलाच देणार. मग मीच कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घेऊ? खाली बायका बसल्यात. आणि स्वतःचं नाव लिहून तिनं चिठ्ठीच्या चार घड्या घातल्या होत्या.

आता तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तिनं रीत पाळली असती, तर सहा मतं मास्तरांची होती. शरमेनं तिचे कान तापले.

मास्तर उठून तिच्याजवळ आले. हरल्याचं दुःख चेहऱ्यावर होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

"मला पाच पडली. त्यातलं एक तुझं," ते म्हणाले. "म्हणजे माझी माणसं चारच राहिली. पाच होती, एकाला तू जिंकलंस. शाब्बास, पोरी."

"मास्तर, मी..."

"पण फुटला कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या माना टेलरमामांकडे वळल्या. टेलरमामा मास्तरांचे तीस वर्षांचे दोस्त, पण त्यांची सून त्या सफाईवाल्या बायकांतच होती.

"अरे, माझ्याकडे काय बघताय?" टेलरमामा ताडकन उठले. "मास्तर, पोरांची शपथ! मी तुम्हालाच दिलं!"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "सांगून गेला असतास," ते हळू म्हणाले, "तर मीच तुला तिच्या बाजूला सोडायला आलो असतो." त्यांनी खुर्चीच्या पाठीवरची छत्री घेतली आणि मित्राकडे न बघता जिना उतरून गेले. एरवी दोघं बरोबरच घरी जायचे.

 टेलरमामा तोफेसमोर येऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही तरी सांगा हो यांना. चारचौघांत माझ्या तोंडाला काळं लागलं."

तोफेनं तोंड उघडलं. खाली बायका तिच्या नावाच्या घोषणा देत होत्या.

"जाऊ द्या हो मामा," ती म्हणाली. "मत गुप्तच असतं."