चिकटपट्टी

शहाद्याच्या कॉलेजात मुलांनी बनवलेला छोटा उपग्रह अवकाशातल्यासारख्या थंडीच्या चाचणीत जळाला. बॅटरीवर चिकटवलेला तापमानाचा सेन्सर सुटला आणि त्यामुळे बॅटरी गरम ठेवणारा हीटर बंदच झाला नाही. "सेन्सर कोणी लावला होता?" सरांनी विचारलं. "मी, सर," शाहबाज म्हणाला. सरांनी त्याला तिथल्या तिथे प्रकल्पातून काढलं. शेजारी उभी रुपा जळक्या बॅटरीकडे बघत राहिली. आदल्या दिवशी उपग्रह उचलताना तिच्याच हातून सेन्सरची चिकटपट्टी उखडली होती. तिने ती तशीच बोटाने दाबली होती. संध्याकाळी बसस्टँडवर शाहबाज तिच्यापाशी आला. "तुमनी बठ्ठास्नी मेहनत मन्हामुये वाया गई, रुपा. माफ कर." रुपाची मान खाली गेली. "ती पट्टी मीच उखाडेल व्हती," ती कशीबशी म्हणाली, "चाल, सरस्ले सांगूत." शाहबाज कॉलेजकडे वळला. त्याच्या बरोबरीने चालायचीही तिला लाज वाटत होती.