गोड पाणी

कुंदाला दिवाळीसाठी माहेरी न्यायला तिचा भाऊ वेंगुर्ल्याहून उमरखेडला आला. "वेचणीचे दिवस हायेत. अन् घडीघडी माहेरी गेलं का इथं मन लागत नाही," असं म्हणून सासूनं, कोकिळाबाईंनी, तिला पाठवलं नाही. बहिणीसाठी आणलेली काचेची बरणी ठेवून तो एकटाच परतला. बरणीत समुद्राचं पाणी होतं आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी. एक दुसऱ्याला सोडून हलत नसे.

कुंदा वावरात गेल्यावर कोकिळाबाईंनी बरणीतलं पाणी बोटानं चाखून पाहिलं. निरं मीठ! "बिचारे तहानले असतीन," म्हणत त्यांनी ते न्हाणीत ओतलं आणि आपल्या विहिरीचं गोड पाणी भरलं.

संध्याकाळी दोन्ही मासे उताणे तरंगत होते.

"मले वाटलं, आपल्या गोड पाण्यात सुखानं राह्यतीन," कोकिळाबाई म्हणाल्या.

अंगणात बसून कुंदा हातानंच खड्डा उकरू लागली. उकरता उकरता तिच्या हातातली बांगडी आपोआप निसटून मातीत पडली. लग्नात हीच बांगडी कासारानं तेल लावून, दाबून दाबून चढवली होती.

कोकिळाबाईंनी ती उचलली, पदरानं पुसली आणि मुलाला हाक मारली.

"भगवान, सकाळच्या एसटीनं हिले माहेरी घेऊन जाय."

"अन् वेचणी?"

"कापूस थांबते, बाबू."